नर्स असलेल्या आजीचं आयुष्य लिहून ठेवताना (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ

साठ-सत्तरच्या दशकात सातारा-सांगलीकडं नोकरीला लागलेल्या नर्सबाई आता ऐंशीच्या आसपास आहेत. बऱ्याच जणी गेल्याही. वर्षश्राद्धाला घरचे लोक मनापासून स्मरणिका काढतात. ती उघडली की 'सेवाभावी', 'कर्तव्यदक्ष', 'मायाळू' आणि मग थेट नातवंडांचे फोटो. हीच विशेषणं एखाद्या शिक्षिकेला लावली तरी चालतील. जिनं तीस-पस्तीस वर्षं काचेच्या सिरिंजा उकळल्या, एसटीत लसीची पेटी मांडीवर घेऊन प्रवास केला, कंदिलाच्या उजेडात नाळ बांधली, तिच्या हातांना काय काय येत होतं याची एक ओळही त्यात नसते.

म्हणून हा धागा. आपापल्या आजीच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहेच. इथं फक्त कसं लिहायचं ते: कागद कुठले पाहायचे, कामाच्या पायऱ्या काय होत्या, त्यात काय चुकायचं, घरात उरलेल्या वस्तूंचं काय करायचं. ज्यांना जे पक्कं माहीत आहे त्यांनी तेवढंच लिहावं, पण नेमकं लिहावं.

सुरुवात मी निवृत्तीच्या तारखेपासून करायला सांगेन, कारण ती घरात सगळ्यांना आठवते. राज्य शासन आणि जिल्हा परिषदेत नर्सेस ५८ व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होत. जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेल्या मुली खूप, त्यामुळे १ जून १९४३ ची नोंद असेल तर निवृत्ती ३१ मे २००१. या तारखेवरून कागदावरची जन्मतारीख कळते, खरी कळेलच असं नाही. स्मरणिकेत दोन्ही वेगळ्या असतील तर दोन्ही छापा.

जुनी_वही

चांगला धागा. कागदांचं मी सांगतो.

सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे सेवापुस्तक. मूळ प्रत कार्यालयात असते, दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडं. ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, नाहीतर पेन्शनच्या फायलीत ती सापडते. लोक पहिलं पान बघून ठेवून देतात. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची, शरीरावरची ओळखखूण आणि बोटांचे ठसे असतात, तेही मोलाचं आहेच. पण आयुष्य आतल्या पानांत आहे. नेमणुका आणि बदल्यांचे रकाने सलग वाचा आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा: कुठून, कुठं, कोणत्या तारखेपासून. बदलीचा आदेश आणि हजर झाल्याची तारीख यांत फरक असतो. घरच्यांच्या आठवणीत हजर झाल्याची तारीख असते, म्हणून तीच घ्या.

मग रजेचा हिशेब. हा भाग सगळे सोडून देतात. प्रसूती रजेच्या तारखा तिथं आहेत. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीकडं रात्री-अपरात्री जाणारी बाई स्वतःच्या बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामावर हजर झाली, ते तारखेसह लिहिलेलं असतं. त्यावर वेगळं भाष्य करायला नको, दोन तारखा शेजारी शेजारी छापल्या की पुरे.

शिक्क्यांकडं लक्ष द्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. त्याआधी नोकरीला लागलेल्यांच्या पुस्तकात लोकल बोर्डाचा, म्हणजे जिल्हा परिषदेआधीच्या जिल्ह्याच्या संस्थेचा, शिक्का दिसेल. म्हणून 'पहिल्यापासून जिल्हा परिषदेत' असं सरसकट लिहू नका. आणि सांगलीकडच्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'दक्षिण सातारा' दिसलं तर ती चूक नाही. १९४९ पासून १९६० पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं.

सेवापुस्तक हाताला लागलंच नाही तर निवृत्तिवेतनाचा आदेश बघा, म्हणजे पीपीओ. त्यात निवृत्तीची तारीख आणि अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरलेली सेवा, किती वर्षं, महिने, दिवस ते असतं. तारखेतून सेवा वजा केली की नोकरीला लागल्याचा सुमार कळतो. मात्र बिनपगारी रजा अर्हताकारी सेवेत धरली नसेल तर सुरुवात आणखी मागं जाते, म्हणून वर्षापुढं 'सुमारे' लावा.

गावभाग

पदाचं नाव काय लिहायचं? गावात सगळे 'मेट्रनबाई' म्हणायचे, पण कागदावर 'परिसेविका' आहे. असं बऱ्याच घरांत दिसतं.

पांढरी_साडी

परिसेविका लिहा, आणि गावात मेट्रनबाई म्हणत हेही लिहा. दोन्ही खरं आहे, फक्त एकाच्या जागी दुसरं नको.

रुग्णालयातली उतरंड अशी: अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, तिच्यावर परिसेविका म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर, आणि सगळ्यांवर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. परिसेविकेच्या हातात एक वॉर्ड असतो: तिथली औषधं, चादरी, ड्यूटीचा तक्ता, विद्यार्थिनी. अधिसेविकेकडं सगळ्या रुग्णालयाची परिचर्या. दोघींचं रोजचं काम निराळं, म्हणून पद चुकलं की पुढचं सगळं वर्णन चुकतं.

गावाकडची वाट वेगळी. उपकेंद्रावर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखालच्या गावातल्या छोट्या केंद्रावर, असते ती एएनएम, मराठीत सहायक परिचारिका प्रसविका. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय योजना आली, म्हणजे वेगवेगळ्या मोहिमांची कामं एकाच कर्मचाऱ्याकडं, आणि पदाचं नाव आरोग्य सेविका झालं. तिच्यावर एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर), म्हणजे नंतरची आरोग्य सहायिका. एकाच बाईच्या कागदांवर एएनएम आणि आरोग्य सेविका अशी दोन नावं दिसली तर बढती समजू नका. पद तेच, नाव बदललं.

प्रशिक्षणही सारखं नाही. जनरल नर्सिंग तीन-साडेतीन वर्षांचं. एएनएम आधी दोन वर्षांचं, १९७७ च्या सुमाराला दीड वर्षाचं झालं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्था असल्यानं 'आजी मिरजेला शिकली' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. प्रमाणपत्रावरची संस्था वाचूनच लिहा.

नोंदणी प्रमाणपत्रावर 'बॉम्बे' असेल तर ते १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याआधीच्या व्यवस्थेतलं. त्यावर बहुतेक वेळा माहेरचं नाव असतं. आधी नोंदणी, मग लग्न. आडनाव जुळत नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका. नर्स आणि मिडवाइफ असे दोन वेगळे नोंदणी क्रमांक असू शकतात.

डोंगरी_उपकेंद्र

उपकेंद्राचं काम लिहायचं तर आधी लोकसंख्या आणि अंतरं लिहा. सपाटीवर साधारण ५,००० माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगरी भागात ३,००० मागं. कागदावर डोंगरी भागाचं काम हलकं दिसतं. पाटण-जावळीच्या खोऱ्यात मात्र त्या ३,००० वस्त्या-वाड्यांवर विखुरलेल्या. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावांना त्या काळी लाँचशिवाय वाट नव्हती, आणि पावसाळ्यात घाट बंद. म्हणून 'रोज चार गावं फिरायच्या' असं मोघम नको. फिरतीचा कार्यक्रम दर महिन्याला आगाऊ द्यावा लागे, त्याची एखादी कार्बन प्रत सापडली तर जशीच्या तशी छापा. कोणत्या वारी कोणती वाडी, एवढ्यात सगळं कळतं.

आता सिरिंज. आजच्या पोरांना वाटतं इंजेक्शन म्हणजे पाकीट फाडायचं. लसीकरणात एकदाच वापरायच्या सिरिंजा २००५ च्या सुमाराला आल्या. त्याआधी काच. काम असं चालायचं:

वापरल्यावर लगेच गार पाण्यानं सिरिंज धुवायची, कारण रक्त आत सुकलं की निघत नाही, आणि गरम पाण्यानं ते आणखी घट्ट धरतं. दट्ट्या आणि नळी वेगळी करायची. दोन्हींवर कोरलेला नंबर असतो आणि नंबराची जोडी मोडायची नाही. एकीचा दट्ट्या दुसरीत घातला तर अडकतो नाहीतर गळतो. सुईत बारीक तार घालून भोक साफ करायचं, टोक बोथट झालं असेल तर दगडावर घासायचं. टोकाला आकडी आली आहे का ते कापसावरून सुई ओढून बघायचं. तंतू अडकला तर सुई परत दगडावर. मग सगळं जाळीच्या कापडात गुंडाळून थंड पाण्यात ठेवायचं आणि मगच स्टोव्ह पेटवायचा. उकळत्या पाण्यात थंड काच टाकली की तडकली. उकळी फुटल्यापासून २० मिनिटं. मधेच काही नवीन टाकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाणी ओतून दिल्यावर सिरिंज चिमट्यानंच जोडायची, बोट दट्ट्याच्या मुठीलाच लागलं पाहिजे.

माणदेशाकडं, जत-आटपाडीकडं पाणी जड असतं. तिथं भांड्याच्या तळाशी क्षार बसतात, दट्ट्या खरबरीत होतो आणि औषध ओढताना अडकतो. त्यासाठी उकळताना पाण्यात कापसाची घडी टाकून ठेवत, क्षार तिच्यावर बसतात. अशी बारीक गोष्ट स्मरणिकेत आली तर 'कर्तव्यदक्ष' लिहायची गरजच उरत नाही.

माणदेशी

दहा मिनिटं उकळत असत असं ऐकलं आहे.

डोंगरी_उपकेंद्र

गर्दीत कुणी केलंही असेल. शिकवलेलं २० चं होतं. आणि २० मिनिटं उकळूनही धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मरतातच असं नाही. म्हणून लसीकरणासाठी पुढं प्रेशर कुकरसारखे वाफेचे स्टरिलायझर दिले. त्यात १२१ अंशांच्या वर २० मिनिटं. रुग्णालयात ड्रेसिंगचे ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या मोठ्या यंत्रात, जात. ड्रमच्या बाजूची भोकं आत घालताना उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. भोकं उघडायला विसरलं तर वाफ आत जातच नाही आणि ड्रम बाहेरून मात्र तापलेला, म्हणजे तयार झाल्यासारखा वाटतो. गॉज दाबून भरला तरी तेच.

कृष्णाकाठ

लसीचं कुणी लिहील का? बऱ्याच स्मरणिकांत 'देवीच्या लशीपासून पोलिओपर्यंत सगळं टोचलं' असं असतं.

पांढरी_साडी

ते वाक्य तपासून घ्यायला हवं. देवी टोचायला बहुतेक ठिकाणी वेगळा माणूस होता, व्हॅक्सिनेटर. गावात त्याला देवी डॉक्टर म्हणत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. बहुउद्देशीय योजना हळूहळू लागू होत होती तोच काळ. त्यामुळं १९७५ नंतर लागलेल्या आरोग्य सेविकेनं देवीची मोहीम केली असं लिहिणं बरोबर नाही. त्याआधीच्या असतील तर त्यांनी मदत केली असेल. तसं असेल तर दोन टोकांची सुई, एका थेंबात बुडवून दंडावर झपाझप १५ टोचे, हे वर्णन देता येईल.

बाकीच्या लशींचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, सार्वत्रिक लसीकरण १९८५ पासून टप्प्याटप्प्यानं, पल्स पोलिओ १९९५ पासून. आजीच्या नेमणुकांच्या तक्त्याशेजारी ही वर्षं ठेवा, म्हणजे कोणती मोहीम तिच्या कोणत्या गावात आली ते आपोआप दिसेल.

सगळ्यात कसबाचं काम बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचं. डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या थरातच. नवजात बाळाला ०.०५ मिली. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरायची, सुईचं तिरपं तोंड वर. बरोबर गेलं तर संत्र्याच्या सालीसारखा पांढरट फुगवटा येतो. फुगवटा आला नाही म्हणजे सुई खोल गेली, आणि मग गळू धरतं किंवा काखेत गाठ येते. दोन ते सहा आठवड्यांत तिथं फोड येतो, चिघळतो, खपली धरतो आणि व्रण राहतो. आई घाबरून हळद नाहीतर मलम लावते. काहीही लावू नका, हे प्रत्येक घरी सांगायला लागायचं. गावातल्या चाळिशीच्या माणसाच्या दंडावरचा तो व्रण अजून बघता येतो. आजीच्या हातचं काम म्हणून तिच्या नातवंडांना दाखवावं असं तेच आहे.

डोंगरी_उपकेंद्र

पेटीबद्दल थोडं. लसीच्या पेटीत चार बाजूंना बर्फाचे चार पॅक, मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत लशी. सगळ्यांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं. पोलिओच्या थेंबांना उष्णता सोसत नाही हे खरं. पण त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि धनुर्वाताची लस गोठली की वाया जाते. बाटली थेट बर्फाला टेकली तर तेच होतं. गोठून वितळलेली बाटली हलवून ठेवली की तळाशी लवकर गाळ बसतो, वर पाणी स्वच्छ. ती फेकायची. गोवराची लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. यावरून बायकांची बोलणी खायला लागत: 'बाटली भरलेली आहे आणि नर्सबाई आमच्या पोराला नाही म्हणतात.' का नाही म्हणत, ते स्मरणिकेत लिहा.

सुईणीची_पिशवी

बाळंतपणावर कुणी लिहिलं नाही म्हणून.

उपकेंद्राच्या नर्सबाईचं निम्मं आयुष्य यातच गेलेलं असतं आणि घरचे 'शेकडो बाळंतपणं केली' एवढंच लिहितात. आकडा छापायचा असेल तर नोंदीवरून छापा, अंदाजानं नको. आकडा नसला तर काम सांगा.

पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठल्या बाजूला ते आधी हुडकायचं, कारण ठोके पाठीच्या बाजूनं स्पष्ट येतात. मग फिटोस्कोप, तो लाकडी नाहीतर ॲल्युमिनियमचा भोंगा, पोटावर टेकवून कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा. हात राहिला तर बोटांचीच कुरकुर ऐकू येते. दुसऱ्या हातानं आईची नाडी धरायची, नाहीतर आईचे ठोके बाळाचे म्हणून मोजले जातात. पूर्ण एक मिनिट. १२० ते १६० ठीक. त्याखाली घसरत चालले तर वाट बघायची नाही, गाडी बोलवायची. गाडी म्हणजे त्या काळी जीप, ट्रॅक्टर, बैलगाडी, जे मिळेल ते.

पाच स्वच्छता पाठ असायच्या: हात, जागा, पातं, दोरा, नाळेचं टोक. नवं पातं आणि दोरा उकळून घ्यायचा, नाळेला दोन ठिकाणी गाठ, मधे काप. कापलेल्या टोकाला काही लावायचं नाही: राख नाही, शेण नाही, हळद नाही, तूपही नाही. नवजात बाळाचा धनुर्वात तिथूनच शिरायचा. जुन्या सुईणीशी भांडून हे होत नाही, म्हणून शहाण्या नर्सबाई तिला शेजारी बसवून घेत, बाळ पुसायला तिच्या हातात देत.

बाळ आलं की काम संपलं असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरी भीती त्यानंतर. वार पडली की ती पसरून बघायची. आईकडच्या बाजूचे सगळे तुकडे एकमेकांना जुळतात का, पडदा पुरा आला आहे का. तुकडा आत राहिला की रक्तस्राव थांबत नाही. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं घट्ट लागलं पाहिजे, मऊ लागलं तर चोळायचं. मेथर्जिन, म्हणजे रक्तस्राव आवरायचं औषध, बाळ बाहेर आल्याखेरीज द्यायचं नाही, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर मुळीच नाही. तास-दोन तास तिथून हलायचं नाही. 'आजी चहा घेऊन मगच निघायची' असं कुणी सांगितलं तर त्यामागं हे कारण असतं. चहा हे निमित्त.

वाई_परिसर

फार उपयोगी. एक भर घालतो. घरात सांगितलं जातं की आजी बाळाला सहा महिने पाणीसुद्धा देऊ देत नव्हती. १९८० च्या आसपासची गोष्ट असेल तर सावध राहा. तेव्हा चार ते सहा महिने असं सांगत. पूर्ण सहा महिने हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ चा. चिकाचं दूध पिळून टाकायचं नाही, बाळाला पाजायचं, हा आग्रह मात्र त्यांचा आधीपासून होता. आजचे नियम मागं नेऊन आजीच्या तोंडी घालू नयेत, तिच्या काळातलं ज्ञान जसं होतं तसं लिहावं.

जुनी_वही

यालाच जोडून. मोठ्या घटनांच्या बाबतीतही तेच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५ चा महापूर. या दिवशी आजी कुठं नेमणुकीवर होती ते आधी तक्त्यात बघा, मगच लिहा. भूकंपाच्या वेळी ती जत तालुक्यात असेल तर पाटणच्या ढिगाऱ्यात तिला उभी करू नका.

१९७५ ते ७७ ची, आणीबाणीची वर्षंही गाळू नका. नसबंदीची उद्दिष्टं नर्सबाईंच्या गळ्यातही होती. त्या काळाबद्दल ती घरी काही बोलली असेल तर तिच्याच शब्दांत लिहा, आपल्या शब्दांत गोड करू नका.

गावभाग

काही घरांत आजीच्या जुन्या डायऱ्या आहेत. त्यात बायकांची नावं, तारखा, सगळं आहे. दोन पानं छापावीत का?

पांढरी_साडी

नावं असलेलं एकही पान छापू नका. झाकून फोटोकॉपी काढली तरी गावात तारीख आणि वाडी यावरून ओळख पटते. कुटुंबनियोजन, क्षयरोग, दगावलेलं बाळ, १९७१ च्या कायद्याखालचे गर्भपात, या नोंदी तिच्या नव्हत्या, त्या बायकांच्या होत्या. तिनं आयुष्यभर तोंड बंद ठेवलं, ते मोडायचा अधिकार नातवंडांना नाही. उपकेंद्राची नोंदवही चुकून घरी राहिली असेल तर ती सरकारी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन परत करा. डायरीतून हिशेब, बसच्या वेळा, औषधांच्या याद्या, पावसाची नोंद एवढं घ्या. तिचं अक्षर दाखवायला औषधांची यादी पुरेशी आहे.

माणदेशी

नावं नकोत हे पटतं, पण ज्या बाईचं बाळंतपण अवघड गेलं ती स्वतः बोलायला तयार असेल तर?

पांढरी_साडी

तर ती बोलेल, तिचं नाव तीच सांगेल, आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवायचं. तिच्या सुना-मुलांच्या संमतीनं भागत नाही, तिचीच हवी.

खणभाग

सांगलीकर म्हणून पुराच्या कागदांचं लिहितो. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कितीतरी ट्रंका पाण्यात गेल्या, म्हणून हे आधी माहीत असावं.

भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नका. कागद वेडावाकडा होतो, फोटो एकमेकांना चिकटून वाळतात आणि मग सुटत नाहीत. गाळ असेल तर स्वच्छ गार पाण्यात हळू बुचकळायचं, चोळायचं नाही. फाउंटन पेनच्या शाईचा कागद मात्र बुचकळू नका, शाई पसरते. तो टीपकागदावर उताणा ठेवा. पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, पानांमधे कोरा कागद घालून सुकवा आणि तो कागद दर दोन-तीन तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. दोन दिवसांच्या आत बुरशी धरते, तेवढ्यात जमणार नसेल तर गठ्ठा पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडा थोडा काढा.

काचेच्या फ्रेमला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. काचेसकट, तिरप्या उजेडात त्याचा फोटो घ्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पिवळे पडतात, ते सैल असतील तेवढे काढून घ्या. लॅमिनेशन कशालाही नको. सेवापुस्तकाला तर अजिबातच नको.

सुईणीची_पिशवी

ट्रंकेतल्या वस्तूंचं: पाऱ्याचा थर्मामीटर आणि पाऱ्याचं बीपीचं यंत्र असेल तर ते मुलांच्या हाती देऊ नका, प्रदर्शनातही मांडू नका. पारा सांडला तर झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही नको. त्यानं गोळ्या बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, कडक पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं उचला, झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि रुग्णालयात द्या. जुन्या सुया आणि ॲम्प्यूल्स जाड डब्यात घालून आरोग्य केंद्रात द्या. औषधं कितीही जुनी, नीट दिसणारी असली तरी वापरायची नाहीत.

किडनी ट्रे, चिमटे, कात्री ठेवा. कोरडी पुसून, सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. काचेची सिरिंज अडकली असेल तर पिरगाळू नका, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा, क्षार सुटतात.

पांढरी_साडी

साडी राहिली. ड्यूटीच्या पांढऱ्या साडीला खळ आणि नीळ असायची. खळीसकट ठेवली तर कसर लागते, घडीवर पिवळी रेघ पडते आणि पुढं तिथंच फाटते. आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून खळ पूर्ण काढा, शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ब्लीच नको. पूर्ण वाळवून, इस्त्री न करता, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आवराआवरीत, घडी बदलून ठेवा. टोपी आणि बॅज त्याच कापडात नकोत, पिनेचा गंज लागतो.

वाई_परिसर

आजी म्हणून ती घरात काय करायची ते यात कुठं बसवायचं? दोन वेगळे भाग पाडले की पुस्तिका तुटल्यासारखी होते.

कृष्णाकाठ

माझ्या मते पाडूच नयेत. दवाखान्यातली बाई आणि घरातली आजी एकाच हातांनी काम करत होती. नातवंडांची नखं आंघोळीनंतर, मऊ असताना, आडवी कापायची. ताप बघायचा तर आधी थर्मामीटरचा पारा झटकून खाली आणायचा. ताटावर बसण्याआधी मनगटाच्या वरपर्यंत हात धुवायचे. हे तिनं वॉर्डातूनच आणलेलं. घरच्या माणसांना 'आजी कशी होती' असं विचारू नका, सगळे 'फार प्रेमळ' म्हणतील. 'जखम झाली की पहिल्यांदा काय करायची, आणि मग काय?' असं विचारा. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पाऊण तासाच्या वर बसू नका. तिच्याबरोबरच्या निवृत्त नर्सबाई असतील तर आधी त्यांच्याकडं जा.

स्वयंपाकाचंही तसंच. 'मूठभर' लिहू नका. जिनं तिच्या हाताखाली केलं त्या लेकीला किंवा सुनेला तीनदा मूठ घ्यायला लावा आणि वजनकाट्यावर मोजा. बाळंतिणीचे हळिवाचे लाडू साधारण असे बसतात: हळीव ५० ग्रॅम नारळाच्या पाण्यात दोन तास भिजत, एका मोठ्या नारळाचा चव, गूळ २०० ग्रॅम, वरून जायफळ. मंद आचेवर, मिश्रण कडा सोडेपर्यंत. हळीव कमी भिजला तर दाताखाली कचकचतो. गूळ जास्त झाला किंवा आच मोठी ठेवली तर लाडू दगड होतात. ओला नारळ असल्यानं बाहेर दोन-तीन दिवसांच्या वर ठेवायचे नाहीत. आजीचं प्रमाण याहून वेगळं निघालं तर आजीचंच छापा.

छापखाना_मारुतीचौक

छपाईचं थोडक्यात. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा: २४, २८, ३२. आतला कागद ९० जीएसएम, मुखपृष्ठ २५० पुरे. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलवर फिरून आलेला फोटो देऊ नका. समूह फोटोखाली डावीकडून उजवीकडं नावं लिहा, ओळख पटत नसेल तिथं जागा रिकामी सोडा. मूळ फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनंच लिहा, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हलतात, 'गर्भ'चं भलतंच होतं, म्हणून बदलल्यानंतरचं प्रूफ पुन्हा वाचा. आकड्यांचं प्रूफ वेगळं वाचा, एकानं मूळ कागद धरून मोठ्यानं, दुसऱ्यानं छापील बघत. दशांशचिन्ह सगळ्यात आधी गळतं.

पांढरी_साडी

दशांशचिन्हाबद्दल धन्यवाद. वर बीसीजीचा डोस ०.०५ आहे. कुणी ०.५ छापलं तर दहापट होईल. हा धागा कुणी उतरवून घेणार असेल तर तेवढा आकडा अक्षरातही लिहा: शून्य दशांश शून्य पाच.